आक्काचा उजवा कान

हे माझ्या बायकोला माहीत नाही. मायला माहीत नव्हतं, आणि आता मायही नाही. कंपनीत ज्याच्या शेजारी बसून रोज डबा खातो त्यालाही कधी बोललो नाही. एकाच माणसाला माहीत आहे, आणि तिनं त्यावर आजवर तोंड उघडलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे बरंय. ओळखीच्या माणसापुढं माझी जीभ उचलत नाही.

कुठून सुरू करू? भीतीपासूनच करतो. मी भित्रा आहे. लोक मला तसं समजत नाहीत. पोरसवदा होतो तेव्हा मेंढरांच्या वाड्याशी लांडगा आला तर काठी घेऊन पहिला मीच धावायचो. सापाला भ्यालो नाही, विहिरीला भ्यालो नाही. पण समोर खुर्चीत बसलेलं कुणी शांत आवाजात म्हणालं, "बसा, जरा बोलायचंय" — की मी दाराकडं बघायला लागतो. जे आपल्याला सांगितलं जाणार आहे, त्याची भीती. ही भीती तुम्हाला कधी वाटलीय का? काठीनं ती हाकलता येत नाही.

आक्का माझी थोरली बहीण. सोयगाव तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याला आमचं गाव. आम्ही धनगर. वडील लवकर गेले, मेंढरं चुलत्याच्या कळपात गेली, थोडी आमच्याकडं उरली. आक्का जन्मली तीच पांढरी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा. डोळे कायम हलणारे, एका जागी ठरत नाहीत. आमच्याकडं अशा माणसाला सूर्यमुखी म्हणतात. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला काय म्हणावं? सूर्याकडं तोंड करणं तिला जन्मात जमलं नाही. ऊन लागलं की कातडी लाल व्हायची, फोड यायचे, सोलून निघायची. तिच्या लग्नाचा विषय कुणी कधी काढला नाही. कळप रानात गेला की मागं राहिलेली कोकरं तिच्या हवाली. तिला दिसायचं कमी, पण पाठीवरनं हात फिरवून सांगायची, हे कोणत्या मेंढीचं पिल्लू. मलाही तिनंच वाढवलं. माय मजुरीला जायची, मी आक्काच्या कडेवर.

मी आयटीआय करून शहरात आलो. शेंद्र्याला एका कारखान्यात लागलो, तपासणी विभागात. सुटे भाग भिंगाखाली धरायचे, कुठं चीर आहे का बघायचं. शंका आली की तो भाग बाजूला काढायचा आणि दुसऱ्यांदा तपासायचा. पगार मला त्याचाच मिळतो. हे मुद्दाम सांगतोय. "मला कळलं नाही" असं म्हणायची सोय मला नाही.

आक्काच्या उजव्या कानापुढं, गालावर, एक डाग उठला होता. तांबूस, चकचकीत कडेचा, मधे खपली. खपली पडायची, जरा रक्त यायचं, पुन्हा धरायची. गावातल्या डॉक्टरनं मलम दिलं, त्यानं काही झालं नाही. मीच म्हणालो, औरंगाबादला चल. नाव बदललं तरी आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. ती नको म्हणत होती. एसटीत लोक टक लावून बघतात, पोरं कुजबुजतात, म्हणून ती तालुक्याच्या पुढं कधी गेलीच नव्हती. तिला मी आणलं. एवढं तरी मी केलं — असं म्हणून मी कितीदा स्वतःला थोपटलंय.

त्वचेच्या डॉक्टर मॅडमनी डागाचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला. मग मला बोलावलं आणि म्हणाल्या, बसा.

कातडीचा कॅन्सर. शब्द ऐकला आणि माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. मॅडम मात्र समजावत होत्या. हा प्रकार सहसा अंगभर पसरत नाही, जागच्या जागी खात जातो. आत्ता वरवर आहे, वेळेवर आलात. अशा कातडीवर आयुष्यभर नवे नवे डाग उठणार, प्रत्येक वेळी कापत बसलो तर चेहरा राहायचा नाही. म्हणून हा लेझरनं जाळू. आधी आत किती पसरलाय ते यंत्रानं बघू, मग एकेक थर जाळू, मधे मधे पुन्हा बघू. मात्र कानाजवळची जागा वाईट असते, तिथं बोलावलं की यावंच लागेल. हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं. मी मान हलवली होती.

लेझरच्या दिवशी मला आत घेतलं. आक्काचं डोकं हलायचं — डोळे हलतात तसं तिचं डोकंही नकळत हलतं — ते धरून ठेवायला कुणीतरी जवळचं हवं होतं. मला जाड चष्मा दिला. तिच्या डोळ्यांवर झाकणं बसवली. सुई देऊन जागा बधिर केली. मग मॅडमनी बॅटरीएवढं एक यंत्र तिच्या गालावर टेकवलं, आणि पडद्यावर तिच्या कातडीच्या आतलं दिसायला लागलं. न कापता. करडे थर, एकावर एक, नाल्याच्या दरडीत मातीचे दिसतात तसे. आणि त्या थरांत काळपट गोळे. मॅडमनी बोट ठेवून दाखवलं, हे काढायचं.

मी बघायला नको होतं. कुणी जबरदस्ती केली नव्हती. पण एकदा बघितलं ते डोळ्यांपुढून हटेना. माझ्या बहिणीच्या आत ते बसलेलं होतं, गुपचूप, आणि वरनं ती नेहमीसारखीच दिसत होती.

लेझर सुरू झालं. बारीक टकटक आवाज. आणि वास. आमच्याकडं बोकड कापला की त्याची मुंडी नि पाय जाळावर धरून केस जाळतात. तो वास मला लहानपणापासून ठाऊक. तोच वास त्या स्वच्छ, गार खोलीत आला. माझ्या दोन्ही तळव्यांत तिचं डोकं होतं. झाकणाखालून तिनं विचारलं,

"काय जळायलंय रे दत्ता?"

मी म्हणालो, "काय नाय आक्का. मशीनचा वास हाय."

मॅडम थांबत, यंत्र टेकवत, पडद्यावर बघत, पुन्हा जाळत. मी भिंतीकडं बघत होतो. शेवटी त्या म्हणाल्या, दिसतंय तेवढं गेलं. मी बाहेर आलो, संडासात गेलो आणि नळ सोडून बसलो. आक्का बाहेर बाकावर माझी वाट बघत होती. तिला काही दुखलं नव्हतं. घाबरलो होतो तो मी.

जखम भरल्यावर पुन्हा दाखवायला गेलो. मॅडमनी परत ते यंत्र लावलं, जाळायचं काही नव्हतं, फक्त बघायचं. मी पडद्याकडं बघणार नव्हतो. बघितलं. कानाच्या बाजूच्या कडेला एक काळपट ठिपका होता. मॅडमनी आक्काला सांगितलं, ताई, तुम्ही बाहेर बसा. मला म्हणाल्या, ही जखम भरतानाची खूण असेल, किंवा थोडं उरलं असेल, आत्ताच सांगता येत नाही. महिन्याभरानं परत आणा. उरलंच असेल तर आणखी एकदा लेझर मारू, थोडक्यात काम होईल. तिला घाबरवू नका, पण आणा नक्की.

यात कुठं मृत्यू होता? कुठंच नव्हता. पण मला ती खोली दिसली, माझे तळवे दिसले, तो वास आला. मी दार उघडून बाहेर आलो. आक्का स्कार्फ बांधत उभी होती. तिनं विचारलं, काय म्हणल्या मॅडम? आणि मी—

हे सांगायला इतकी वर्षं लागली.

मी म्हणालो, "झालं म्हणल्या. समदं गेलं. आता यायचं काम नाय."

ठरवून बोललो नव्हतो. तोंडातून गेलं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायला त्याच क्षणी किती वेळ लागला असता? आक्का जिन्याच्या पायरीवर मटकन बसली आणि हसायला लागली. एवढं हसलेलं तिला मी बघितलं नव्हतं. आणि म्हणाली, मला मकबरा दाखव. लहानपणापासून नुसता ऐकलाय. ऊन उतरल्यावर जाऊ.

गेलो आम्ही. दिवस मावळायला आला होता, गर्दी पांगत होती. तिनं स्कार्फ सोडला. चारचौघांत, उघड्या तोंडानं, पांढरे केस मोकळे सोडून ती उभी राहिली. घुमटाकडं डोळे बारीक करून कितीतरी वेळ बघत होती. मग म्हणाली, "ह्यो बी माझ्यावानीच पांढरा हाय की. ह्याला बघाया लोकं तिकीट काढत्यात." आणि पुन्हा हसली.

त्या हसण्यावर मी ते खरं कसं ओतणार होतो? असं मी तेव्हा स्वतःला विचारलं. आता कळतं, तो प्रश्न नव्हता, आडोसा होता.

ती गावी गेली. मायनं बिरोबाला नवस बोलला होता तो फेडायचा ठरला. कंदुरी झाली, देवापुढं बोकड कापला. भावकी जेवायला आली. माय सगळ्यांना सांगत होती, माझ्या दत्तानं बहिणीला मरणाच्या दारातनं आणलं. चुलीमागं कुणीतरी मुंडी जाळत होतं. तो वास आला आणि मी वाड्यामागं जाऊन भडाभडा ओकलो. लोक म्हणाले, शहरात राहून ऊन सोसत नाही ह्याला. आक्कानं माझ्या तोंडावर पाणी मारलं.

हॉस्पिटलातून फोन आला. तारीख उलटून गेली, पेशंट आले नाहीत. मी म्हणालो, गावाकडं आहे, आणतो. पुन्हा आला, पुन्हा तेच बोललो. मग मी अनोळखी नंबर उचलणंच सोडलं. खिशात फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी हातातला भाग पुसत बसायचो. एकदा भिंगाखाली एका भागावर काळी रेघ दिसली आणि मला काही क्षण कळेचना की मी काय बघतोय. तो भाग मी बाजूला काढला. त्याची दुसऱ्यांदा तपासणी केली. माणसाला स्वतःची लाज वाटायला आणखी काय लागतं? पण माझ्या लाजेपेक्षा भीती मोठी होती. रोज वाटायचं, ती नुसती खूण असेल. मॅडमच म्हणाल्या होत्या ना, असेल. या एका शब्दाला मी लोंबकळत राहिलो.

आणि मग — हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल — उन्हाळा सरताना आक्का फोनवर म्हणाली, त्या जागेला जरा खाज सुटायलीय. खपली आल्यावानी लागतीय हाताला. परत दाखवावं का? तिनं स्वतः विचारलं. दार तिनं उघडून दिलं होतं. मी म्हणालो, उन्हानं झालं असेल, खोबरेल लाव.

तिनं खोबरेल लावलं. माझ्या शब्दावर तिनं रोज खोबरेल लावलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला. उशीला रक्त लागायचं तर मायला म्हणायची, कोकराचा खूर लागला. मी गावी जायचो तेव्हा ती स्कार्फ घट्ट बांधून असायची आणि मी तो सोडायला सांगायचो नाही. दिसेल याची भीती. मी तिच्या डाव्या बाजूला बसायचो. तुमच्या लक्षात येतंय का? जेवायलासुद्धा मी मुद्दाम तिच्या डाव्या बाजूला बसायचो.

शेवटी मायचाच फोन आला. कान सुजलाय, वास यायलाय, लेकरा लवकर ये.

मॅडमनी स्कार्फ सोडायला सांगितला आणि बघितलं. कानापुढची जागा खोल गेली होती, कानाच्या वरच्या कडेचा अर्धा भाग खाल्लेला होता. त्यांनी यंत्र लावून बघितलं आणि खाली ठेवलं. म्हणाल्या, आता हे यंत्राच्या नजरेपलीकडं गेलं. इथं लेझरचं काम नाही. कापावं लागेल. मग त्यांनी मान वर केली. रागावलेल्या नव्हत्या, तेच वाईट होतं. शांतपणे विचारलं, "मी महिन्याभरानं आणायला सांगितलं होतं. का आणलं नाहीत?"

आक्का माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. तिला ते तेव्हा पहिल्यांदा कळलं. तिनं तोंड माझ्याकडं वळवलं. तिचे डोळे हलत होते, नेहमीच हलतात, पण त्या वेळी ते माझ्यावरून हलत नव्हते असं मला वाटलं.

आणि मी काय केलं? अजून वेळ होती. माफी मागायची होती, खरं सांगायचं होतं, निदान गप्प बसायचं होतं. मी म्हणालो,

"तीच यायला तयार नव्हती मॅडम. लई समजावलं मी."

आक्कानं माझ्यावरची नजर काढली. मॅडमकडं वळली. हळू आवाजात म्हणाली,

"व्हय मॅडम. मीच नाय म्हणलं."

मॅडमनी तिला समजावलं, ताई, असं करू नये, भाऊ एवढा मागं लागतो तर ऐकावं. आक्का मान खाली घालून ऐकत होती. शाळेत बोलणी खाणाऱ्या लेकरासारखी. माझी बोलणी ती खात होती, आणि मी तिथंच, हातभर अंतरावर, बसून होतो.

कान काढावा लागला. जवळजवळ सगळाच, नि त्याच्या पुढचा गालाचा तुकडाही. मांडीची कातडी काढून तिथं लावली. ऑपरेशनला आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर होतो आणि माझे दात वाजत होते, उन्हाळ्यात. ती मरेल म्हणून भ्यालो होतो, हे खरं. पण त्याच्याखाली आणखी एक भीती होती, ती सांगतो: ती शुद्धीवर येऊन मायला सांगेल. दोन्ही भीती एकाच वेळी माझ्यात होत्या आणि कोणती मोठी होती ते मी आजही शपथेवर सांगू शकत नाही.

ती वाचली. मानेच्या गाठींत कॅन्सर गेलेला नव्हता. आणि तिनं कुणालाही काही सांगितलं नाही.

मायला मीच सांगितलं होतं, आक्कानं ऐकलं नाही म्हणून. एकदा बोललेलं खोटं मला आता सगळीकडं न्यावं लागत होतं. माय मरेपर्यंत तिला बोलत राहिली. तुझ्या हट्टानं कान घालवलास, भावाचं ऐकलं असतंस तर? भाकरी थापता थापता बोलायची. आक्का चुलीत लाकूड सरकवायची. मी ताटावर असायचो. एकदा तरी मी म्हणायला हवं होतं, माय, गप्प बस, तिचा काही दोष नाही. मी भाजी वाढून घेतली. माय आजारी पडली तेव्हा आक्कानंच तिचं सगळं केलं, आणि शेवटच्या दिवसांतही माय तिची ती कानाची मोकळी जागा चाचपून रडायची, म्हणायची, काय हट्टी पोर. मायपुढं खरं सांगायची वेळ तेव्हा होती. ती गेली. मी खांदा दिला.

आता आक्काला ठरलेल्या वेळी तपासायला आणतो, एकही वेळ चुकवत नाही. नव्या डागांवर लेझर होतं. मी आत जातो, तिचं डोकं धरतो, पडद्याकडं बघतो. भीती गेलेली नाही. हे मी प्रायश्चित्त म्हणून सांगत नाही. ज्याला आत्ता जमतंय त्याला तेव्हाही जमलं असतं, एवढंच ते सिद्ध करतं.

आम्ही दोघं त्या दिवसाबद्दल कधी बोललो नाही. तिनं मला का वाचवलं, मी विचारलं नाही. विचारलं आणि तिनं सांगितलं तर? कधी वाटतं तिनं माफ केलंय. कधी वाटतं, माफ वगैरे काही नाही, तिनं फक्त बघून घेतलं, मी कोण आहे ते. मला या दुसऱ्या गोष्टीचीच जास्त भीती वाटते. फोनवर ती अजूनही पहिल्यांदा हेच विचारते, जेवलास का.

तिला जाड गडद भिंगांचा चष्मा लागतो. उजवीकडं आता त्याची काडी टेकायला जागा नाही, म्हणून तिनं लोकरीची दोरी वळून काड्यांना बांधलीय आणि ती डोक्यामागं गाठवते. तिचे हात मागं नीट पोचत नाहीत, खांद्याला ओढ बसते. मी गावी असलो की मला सांगते, बांध रे जरा.

मागच्या रविवारी अंगणात बसली होती, मी मागं उभा राहून दोरी ओढत होतो. गल्लीत नवी लग्न होऊन आलेली एक पोरगी दारात आली. तिनं भीत भीत विचारलं, कानाला काय झालं व्हतं आत्या?

आक्का म्हणाली, "माझ्याच हट्टापायी गेला गं. दत्ता तर लई मागं लागला व्हता."

पोरगी माझ्याकडं बघून हसली, कौतुकानं. दोरीची दोन्ही टोकं माझ्या हातात होती. मी गाठ मारली.